निशाण साधण्याचे उपकरण

त्या संध्याकाळी मी आमच्या इमारतीतल्या सतरा माणसांना शनी म्हणून टॉवरवरचा दिवा दाखवला.

मुद्दाम दाखवला असता तर गोष्ट वेगळी. मी तो गांभीर्याने, प्रस्तावनेसह दाखवला. तेवीस वर्षं माळ्यावर पडलेली माझी दुर्बीण त्याच दुपारी झाडूनपुसून गच्चीवर मांडली होती. दिवा फोकसमध्ये नव्हता, त्यामुळे त्याच्याभोवती एक फिकट वर्तुळ दिसत होतं आणि माणसं एकामागून एक "कडी! कडी!" करत बाजूला होत होती. मी पाठीमागे हात बांधून उभी होते, जणू ती कडी मीच वेळेवर बसवून घेतली होती. बाराव्या की तेराव्या माणसाच्या वेळी शनीवर कावळा येऊन बसला. तोही उलटा, कारण माझ्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं.

त्या क्षणी दुर्बिणीला डोळा लावून माहितीकाका उभे होते. माहितीकाका तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी पंपांची विक्री केली. पण पंप सोडून जगातल्या प्रत्येक विषयावर ते बोलतात, म्हणून हे नाव.

"वहिनी," डोळा न हलवता ते म्हणाले, "शनीवर वातावरण आहे का हो?"

"आहे की."

"मग बरोबर. कावळा आहे."

यानंतरचं मी सांगत नाही. सतरा माणसं जिना उतरताना हसू दाबतात तेव्हा जो आवाज होतो, तो मी अजून विसरलेले नाही. फक्त सासूबाई थांबल्या. त्या एक्याऐंशीच्या आहेत, आणि सुनेची पडती बाजू सावरायला उशिरा का होईना, शिकल्या आहेत.

"कावळा मात्र अगदी स्वच्छ दिसला हो," त्या म्हणाल्या. "त्याचा डोळासुद्धा दिसला मला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच एवढं स्पष्ट दिसलं."

रात्री मी दुर्बिणीची तपासणी केली. दोष दुर्बिणीचा नव्हता, तिच्या सामानाचा होता. (माझाही नव्हता, हे नोंदवून ठेवते.) मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते, तिला फाइंडर म्हणतात. मोठीला आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो. तो नेमका कुठला तुकडा, हे आधी फाइंडरने ठरवायचं. माझ्या फाइंडरची मान माळ्यावर मोडली होती. तो बघायचा एकीकडे आणि दुर्बीण भलतीकडे, आमच्या ऑफिसातल्या वरच्या आणि खालच्या साहेबांसारखं. शिवाय आयपीस, म्हणजे जिला डोळा लावायचा ती भिंगाची नळी, तिच्यात बुरशीने छानसं झाड वाढवलं होतं.

मी ठरवलं, दुर्बीण जुनीच राहू दे, सामान नवं घ्यायचं. एक आयपीस आणि एक फाइंडर. दोन वस्तू. दोन वस्तू आणायला माणसाला किती वेळ लागावा?

पहिले तीन आठवडे नुसते निवडण्यात गेले. मी दुर्बीण ठेवून दिली तेव्हा दुकानात आयपीस मागितला की दुकानदार आयपीस द्यायचा. आता तो विचारतो, कोणता? किती मिलिमीटरचा? किती अंशांचा? चष्मा लावून बघणार की काढून? मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसायची आणि नवरा समोर बसून काकडी चिरायचा. तो शाळेत चित्रकला शिकवतो. शांत माणूस आहे, पण प्रश्न विचारतो.

"डोळा एकच लावायचा ना?"

"एकच."

"मग आयपीस सत्तावीस प्रकारचे कशाला?"

मी काकडीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

माहितीकाकांचा सल्ला सोपा होता. "वहिनी, सरळ सहाशे पट मोठं दाखवणारा घ्या. पैलवान आणायचा तर अर्धा आणतं का कुणी?" मी त्यांना समजावलं, की लहान दुर्बिणीला सहाशे पट लावणं म्हणजे चमचाभर लोणी गावभर फासणं, दिसणार काहीच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, की वहिनींना लोण्याचा आयपीस हवाय.

शेवटी चष्म्याच्या दुकानातून एक साधा, चांगला आयपीस आणला. घरी येऊन लावला. लागला नाही. तेवीस वर्षांत जगाने मला न विचारता माप बदललं होतं. माझ्या दुर्बिणीचं तोंड जेमतेम एक इंच आणि नव्या आयपीसची नळी सव्वा इंच.

इथे माझी नोकरी कामाला आली. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे, खिडकी क्रमांक तीन, तक्रारी. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही तोंडांची मापं कागदावर काढून आमच्या जुन्या फिटरपुढे ठेवली. त्याने काय आहे, कशासाठी आहे, असलं काही विचारलं नाही. खरा कारागीर मापाशी बोलतो.

"एक बाय सव्वा रिड्यूसर," तो म्हणाला. "पितळी देतो. प्लास्टिक टिकणार नाही."

संध्याकाळपर्यंत त्याने ती दोन मापं जोडणारी कडी घासून आणून दिली, आटे इतके सुबक की हात फिरवत बसावं. आयपीस कट् करून बसला.

"बाई, थेंबभर गळणार नाही," फिटर म्हणाला. "गळलं तर माझं नाव बदला."

आजतागायत गळलेलं नाही.

राहिला फाइंडर. यात हल्ली नवी सोय निघाली आहे. छोटी दुर्बीण नाहीच. एक काचेची तबकडी आणि तिच्यात दिसणारा लाल ठिपका. ठिपका ताऱ्यावर ठेवला की दुर्बीणही ताऱ्यावर. कावळ्याला वावच नाही. आमच्याकडे तो मिळत नव्हता, म्हणून परदेशातून मागवला. पंधरा दिवसांनी पार्सलाऐवजी पत्र आलं. 'आपल्या नावे आलेल्या पार्सलमध्ये निशाण साधण्याचे उपकरण (शस्त्राचा सुटा भाग) आढळून आल्याने ते रोखून ठेवण्यात आले आहे.'

पत्र सासूबाईंनी आधी वाचलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ऑफिसात कुणाशी काही झालं का गं?"

पार्सल तपासणीचं ऑफिस एक लांबट, पिवळ्या रंगाची इमारत आहे. आत लोखंडी रॅक, त्यांवर छतापर्यंत खोकी, आणि समोर खिडकी. खिडकीमागे एक कारकून खाली मान घालून लिहीत होता. मी त्याच्या कामाकडे जाणकाराच्या नजरेने पाहिलं. समोर माणूस उभा आहे हे पूर्ण माहीत असूनही मान न उचलणं सोपं नसतं. मी नव्या मुलींना हे शिकवते. दोन वर्षं लागतात. याची मान पोलादी होती.

"पार्सलमध्ये काय आहे?" त्याने विचारलं.

"फाइंडर. दुर्बिणीचा."

"इथे निशाण साधण्याचं उपकरण लिहिलंय."

"ते तुम्ही लिहिलंय."

"मग बरोबरच असणार. नेम कशावर धरणार?"

"शनीवर."

त्याने मान वर केली. आमच्या धंद्यात ही मोठी घटना असते. मला वाटलं, आकाशाचं नाव काढताच माणूस विरघळला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही पाणीपुरवठ्यातल्या ना? खिडकी नंबर तीन?"

"हो," मी जरा हसून म्हणाले. ओळख निघाली की निम्मं काम झालं म्हणतात.

"मी पाच वेळा आलो होतो तुमच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून."

"मग? झालं ना काम?"

"तुम्ही म्हणालात, अर्ज तीन प्रतींत आणा. आणला. मग म्हणालात, बुधवारी या. आलो. त्या बुधवारी तुम्ही रजेवर होतात."

मी रॅककडे बघू लागले. काही रॅक फारच सुंदर लावलेले होते.

"शस्त्र परवाना कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागेल," तो म्हणाला आणि त्याची मान पुन्हा खाली गेली. "तीन प्रतींत. बुधवारी या."

त्याच्या आवाजात सूड असता तर मी भांडले असते. सूड नव्हता, नुसती शिस्त होती. तिच्याशी कोण भांडणार? सव्वीस वर्षं तीच तर मी वाटत आले होते.

शस्त्र परवाना कार्यालयातले अधिकारी मात्र फार अदबशीर निघाले. खुर्ची दिली, पंखा लावला.

"बंदुकीचा परवाना क्रमांक?"

"बंदूक नाही माझ्याकडे."

"चोरीला गेली?"

"नव्हतीच कधी."

"मग हे उपकरण बसवणार कशावर?"

"दुर्बिणीवर."

"आणि दुर्बीण?"

"तिपाईवर."

त्यांनी 'तिपाईवर' असं लिहिलं, थोडा विचार केला आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला त्या रेघा आवडल्या नाहीत. ते पुढे वाकले.

"बाई, आमच्याकडे दाखला मिळतो तो बंदूकवाल्यांना. ज्याच्याकडे बंदूकच नाही, त्याला हरकत नाही असं मी कशाच्या आधारावर लिहू? मनापासून सांगतो, आधी एखादी छोटीशी बंदूक घ्या. मग हे काम दोन दिवसांत होईल."

मी बाहेर आले आणि समोरच्या बागेतल्या बाकावर बसले. वय चोपन्न, नोकरी सव्वीस वर्षं, आजवर सेवापुस्तकात तांबड्या शाईचा एकही शेरा नाही, आणि एका सज्जन माणसाने मला बंदूक घ्यायचा सल्ला दिला होता. हा नाद सोडून द्यावा, दुर्बीण परत माळ्यावर टाकावी, असं अगदी ठरतच आलं होतं. मान मागे टाकली आणि समोरच्या छपराच्या वर पाहिलं, तर तिथे अर्धा चंद्र होता. दुपारचे चार वाजले होते. निळ्या आकाशात तो फिका, धुतल्यासारखा दिसत होता. बागेत पन्नास माणसं होती आणि एकही वर बघत नव्हतं.

मी तशीच घरी गेले.

"उद्या शाळेतून लवकर ये," मी नवऱ्याला सांगितलं. "दुर्बीण न्यायची आहे."

"कुठे?"

"खिडकीवर."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मीही येणार."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता आम्ही निघालो. दुर्बिणीची नळी चार फुटी. धूळ लागू नये म्हणून मी ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून तीन ठिकाणी बांधली. नवऱ्याने पुढचं टोक धरलं, मी मागचं, आणि जिना अरुंद म्हणून आम्ही सावकाश, एकेक पायरी मोजत उतरलो. मागून सासूबाई. दुपारचं औषध घालून झालेलं असल्यामुळे त्या पदराने डोळे टिपत होत्या. फाटकाशी रखवालदार उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. माहितीकाका दारातून बाहेर आले, चादरीला मध्यभागी खांदा दिला आणि हळूच विचारलं, "केव्हा?"

"आत्ताच निघालोय," नवरा म्हणाला.

काकांनी मान हलवली. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. घरातली तिघंही उभी होती. बराच वेळ त्यांचं गणित जुळेना.

"दुर्बीण आहे हो!" मी ओरडले.

"मला वाटलंच," काका म्हणाले आणि खांदा न काढता टॅक्सीत येऊन बसले. "चला, तिथे बोलायला कुणीतरी जाणकार लागेल."

त्या पिवळ्या इमारतीच्या पूर्वेला एक फरशीचं अंगण आहे. दुपारनंतर तिथे इमारतीची सावली पडते. मला नेमकं तेच हवं होतं, कारण दुर्बीण चुकूनही सूर्याकडे वळली तर डोळा कायमचा जातो. सावलीतून सूर्य दिसतच नाही. तिपाई उभी केली, नळी बसवली. नळीच्या पाठीवरून एक डोळा मिटून चंद्र धरायला मला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात काकांनी तिथल्या रखवालदाराला तीन ग्रहांची माहिती दिली, त्यांपैकी एक अस्तित्वात नाही. मग चंद्र आला. फिका निळसर, पण त्याच्या कडेची विवरं अशी उठून दिसत होती की बोट लावलं तर खडबडीत लागेल.

मी आत गेले. पोलादी मान खालीच होती.

"दाखला आणलात?"

"नाही. ज्यासाठी उपकरण हवंय ते आणलंय. बाहेर अंगणात आहे. एक मिनिट या."

"काय आहे?"

"चंद्र."

"आत्ता?" त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ऑफिसच्या वेळात?"

तो आला. मला वाटतं, मी काय चूक करतेय ते नोंदवायलाच आला. वाकला आणि डोळा लावला. मी मनात मोजत होते. पहिल्यांदा चंद्र बघणारा माणूस सातव्या-आठव्या सेकंदाला श्वास सोडतो. त्याने बाराव्याला सोडला.

"हे खड्डे... खरे आहेत?"

"खरे. त्यातला एकेक आपल्या शहराएवढा."

"आणि हे काळसर, सपाट?"

"त्यांना समुद्र म्हणतात."

"पाणी आहे त्यात?"

"थेंबही नाही."

तो डोळा न काढता म्हणाला, "तक्रार कोणत्या खिडकीवर करायची?"

मी आधी ओशाळले, मग हसले, आणि पाहिलं तर तोही हसत होता. त्या मानेवर हसूही असतं हे मला माहीत नव्हतं. "उद्या सकाळी मी स्वतः फिटर पाठवते," मी म्हणाले. "पार्सल मिळो न मिळो. प्रती-बिती काही नकोत."

तोवर आतून टंकलेखन करणाऱ्या बाई आल्या होत्या, मग खोकी उचलणारे दोघं, मग पार्सल सोडवायला आलेली आणि तासभर ताटकळलेली सगळी रांग. सासूबाईंनी कुणी न सांगताच कारभार हाती घेतला. "ओळीत या. तिपाईला हात लावायचा नाही. चष्मा काढा. तुमचं झालं, आता यांना बघू द्या." काका चंद्रावरच्या डोंगरांची नावं सांगत होते, ती सगळी पंपांच्या कंपन्यांची होती, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

एवढ्यात अंगणाच्या दारात अधीक्षक बाई उभ्या राहिल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात चष्म्याचं घर. सगळं अंगण चिडीचूप झालं.

"खिडकीवर कुणी नाही," त्या म्हणाल्या. "काय चाललंय इथे?"

माझ्या सासूबाई, ज्यांना अधीक्षक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, किंवा असूनही फरक पडत नव्हता, म्हणाल्या, "ओळीत या, बाई. तुमच्या पुढे चौघं आहेत."

अधीक्षक बाई ओळीत उभ्या राहिल्या. चौघांनी आपापले नंबर सोडायची घाई केली, पण त्यांनी सोडू दिले नाहीत. नंबर आला तेव्हा त्या वाकल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. चंद्र नळीतून सरकून बाहेर गेला, मी तो परत आणून दिला, त्या पुन्हा बघू लागल्या.

"एवढी वर्षं हा माझ्या ऑफिसवरून जातोय," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

मग त्या सरळ झाल्या आणि पुन्हा अधीक्षक झाल्या. "पण चंद्र तर तुम्हाला त्या उपकरणाशिवाय सापडला. मग ते हवंय कशाला?"

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"बाई, चंद्र तुम्हालाही सापडतो," मी म्हणाले. "त्याला शोधावं लागत नाही. मला जे बघायचंय ते डोळ्यांना ठिपक्याएवढंही दिसत नाही. तेवीस वर्षांपूर्वी मला त्यांच्या जागा पाठ होत्या. आता विसरलेय. वाट दाखवायला कुणीतरी हवं."

हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मी उगाच आयपीस पुसायला घेतला.

अधीक्षक बाईंनी कारकुनाला खूण केली. तो आत गेला आणि माझं पार्सल आणि एक छापील कागद घेऊन आला. कागदावर चौकट होती, 'वापराचा उद्देश'. त्याने पेन काढलं, थबकला, बाईंकडे पाहिलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "चंद्र आणि चंद्रापलीकडचं बघण्यासाठी. प्रत्यक्ष खात्री केली."

त्याने सुरेख अक्षरात तसं लिहिलं. अधीक्षक बाईंनी खाली सही केली, शिक्का मारला आणि तारीख घातली. पार्सल माझ्या हातात आलं. दोन मुठींत मावेल एवढंसं खोकं, पण मी ते छातीशी धरलं आणि अंगणातल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने तर शिट्टी मारली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याला शिट्टी येते हे मला पहिल्यांदाच कळलं.

आम्ही नळीला चादर गुंडाळत होतो तेव्हा कारकून पुन्हा बाहेर आला. मधल्या वेळात त्याने बायकोला फोन केला असावा.

"उद्या मंडळींना घेऊन येईन म्हणतो. हा उद्या याच वेळी याच जागी असेल ना?"

"असेल, पण एवढा वर नसेल. रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो तो."

"रोज?"

"रोज."

त्याने वर पाहिलं. अंगणाच्या भिंतीच्या वर चंद्र आता चांगला उजळला होता, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या त्या नजरेत मला फक्त आमच्या खात्यांतच दिसणारा आदर दिसला.

"आणि अजून मेमो नाही?" तो म्हणाला.